वाटा कोणाचा?

चाळीसएक वर्षे गावोगावी उभे राहून बोललो. आता गुडघे आणि आवाज दोन्ही थकले, म्हणून बसून लिहितो. आजचा विषय आपल्या मासिकाला नवखा वाटेल. विषय आहे शेअरचा, म्हणजे कंपनीतल्या भागाचा. "महाराज, या वयात बाजार कशाला?" असे कोणी म्हणेल. बाजाराशी मला कर्तव्य नाही. मला एका पापाचा हिशोब लावायचा आहे, आणि तसाच हिशोब तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी न लावता पडून असेल, अशी शंका आहे.

१९९३ साली आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला. धाकटा भाऊ पुण्याला बँकेत होता. आलेल्या पैशातून त्याने माझ्या नावावर रसायने तयार करणाऱ्या एका कंपनीचे शंभर शेअर घेतले. "दादा, तुझ्या म्हातारपणाला होतील," म्हणाला. पुढे बोनस मिळत मिळत त्यांचे दोनशे चाळीस झाले. भाऊ वारला. ट्रंकेतले कागद मुलाने डिमॅट खात्यात घातले. वर्षातून एकदा हजार-बाराशे रुपये लाभांश बँकेत जमा होई आणि त्यात आषाढीचा खर्च भागे. मी त्याला पांडुरंगाची कृपा म्हणत असे. हा पैसा कुठून येतो, हे मी कधी विचारले नाही.

आमच्या दिंडीत एक विणेकरी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वीस वर्षे आम्ही एका तंबूत झोपलो, एका ताटातली भाकरी मोडून खाल्ली. आपल्या संप्रदायाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. भेटताच एकमेकांच्या पाया पडायचे. लहान कोण, मोठा कोण, हे पाहायचे नाही. एका कार्तिकीला आळंदीत आम्ही दोघे घाटावर बसलो होतो. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता. तो आता नवलाचा राहिलेला नाही. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, आपल्या सगळ्यांच्या घरातला साबण, सगळे त्यात आहे. हीच इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनीत साठते आणि पुढे पंढरीत तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. माउलींच्या दारातला फेस पांडुरंगाच्या पायापर्यंत वाहत जातो, असे काहीसे मी बोलत होतो. कीर्तनकाराला बोलायची सवय.

विणेकरी शांतपणे म्हणाले, "माउली, आमच्या ओढ्याला असाच फेस येतो. फक्त त्याला वास असतो. विहिरीचं पाणी बैल हुंगतो आणि तोंड फिरवतो." मग त्यांनी वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याचे नाव सांगितले. माझ्या भावाने ज्याचे शेअर घेतले होते, तीच ती कंपनी.

मी गप्प राहिलो. काही वेळाने उठताना ते रीतीप्रमाणे माझ्या पाया पडले. मीही त्यांच्या पाया पडलो. त्या रात्री मठात झोप लागली नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. त्या ओढ्यावर आणखीही कारखाने आहेत. विहीर याच कंपनीने बिघडवली, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण मी रात्रभर मनाशी हाच बचाव घोळवत होतो, हेही खरे. ज्याला आपले पाप मोजायचे नसते, तो आधी दुसऱ्याचे मोजू लागतो.

वाल्या कोळ्याची कथा मी किती वेळा सांगितली असेल, गणती नाही. नारदांनी विचारले, "ज्यांच्यासाठी हे करतोस, ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का?" वाल्या घरी गेला. बायकोने सांगितले, पोरांनी सांगितले, की आम्हाला पोसणे हे तुमचे काम, पाप तुमचे तुम्ही पाहा. श्रोते इथे नेहमी मान डोलावतात, कारण सगळे स्वतःला वाल्याच्या जागी ठेवतात. मीही तसेच केले. त्या रात्री प्रथमच कळले की या कथेत मी वाल्या नाही, मी वाल्याच्या घरातला आहे. लुटीला मी गेलो नाही. रांजणात खडे मी टाकले नाहीत. मी फक्त जेवलो, आणि विचारले असते तर म्हणालो असतो, "ते कंपनीचे काम, माझे नव्हे."

कायदाही हेच सांगतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५४ साली बाचा गझदर नावाच्या मुंबईच्या एका बाईंचा खटला आला होता. चहाच्या कंपन्यांत त्यांचे शेअर होते. त्यांचे म्हणणे असे, की कंपनीचे उत्पन्न बरेचसे शेतीचे, तर माझा लाभांशही तितका शेतीचे उत्पन्न धरावा आणि त्यावर आयकर नसावा. न्यायालयाने ते मानले नाही. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. शेअर घेणारा तिच्या मालमत्तेचा मालक होत नाही, त्याला नफ्यात भाग मिळण्याचा हक्क असतो, असा तो निर्णय. कंपनी बुडाली तरी शेअरची रक्कम सोडून भागधारकाकडे कोणी काही मागत नाही. व्यापाराला ही व्यवस्था लागते, तिला मी नावे ठेवत नाही. पण कोर्टात जे माझे नाही, ते चित्रगुप्ताच्या वहीतही माझे नाही, असे म्हणता येईल का? पापाचे सोडा. ज्या माणसाच्या पायावर मी डोके ठेवतो, त्याच्या विहिरीच्या बाबतीत "माझा संबंध नाही" हे शब्द माझ्या तोंडून निघतील का? तिथेच माझा कायदा संपला.

मग मार्ग कोणता? पहिला विचार आला तो तुकोबारायांचा. दुष्काळाने संसार मोडल्यावर सावकारीच्या खतपत्रांची वेळ आली, तेव्हा कान्होबांनी आपला वाटा वेगळा घेतला आणि तुकोबांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीच्या डोहात सोडले. ही कथा सांगताना माझा कंठ नेहमी दाटतो. मनात आले, आपणही तेच करावे. शेअर विकून टाकावे, हात धुवावे, मोकळे व्हावे. मुलाला तसे सांगितलेही. तो म्हणाला, "बाबा, एका मिनिटाचं काम आहे."

ते एका मिनिटाचे काम आहे, हेच मला खटकले. तुकोबांनी खते बुडवली तेव्हा काय झाले, याचा विचार करा. प्रत्येक खतामागे एक कुणबी होता, देणे डोक्यावर घेऊन जगणारा. कागद बुडाला आणि तो सुटला. तुकोबांनी बुडवला तो दुसऱ्याच्या मानेवरचा फास. मी शेअर विकले तर कोण सुटणार? त्याच क्षणी ते दुसरा कोणीतरी विकत घेणार. कारखान्याचे पाणी जिथे जाते तिथेच जाणार. विहीर तशीच, बैल तसाच. सुटणार फक्त मी, आणि वर चार पैसे घेऊन सुटणार. तुकोबांचे नाव घेऊन मी केले असते ते मात्र कान्होबांचे काम. कान्होबांना मी दोष देत नाही, त्यांनाही संसार होता. पण निदान त्यांनी त्याला त्याग म्हटले नाही.

विकणे नेहमीच चूक, असे म्हणत नाही. एखादा धंदाच मुळात असा असतो की त्यात राहून विचारण्यासारखे काही उरत नाही. तिथून उठावेच. पण जिथे बदल होऊ शकतो, तिथून उठून जाणे आणि सुटणे एक नव्हे.

पुढच्या आषाढीला मी विणेकऱ्यांना सगळे सांगितले. सासवडच्या मुक्कामी, रात्री, कंदील विझवल्यावर. उजेडात सांगायचा धीर नव्हता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हटले, "विकून टाकतो." तेव्हा ते म्हणाले, "कशाला विकता? आम्ही तीनदा निवेदन घेऊन गेलो, फाटकावरच्या माणसानं आत सोडलं नाही. तुम्ही तर आत आहात. तुम्ही विचारा की."

चाळीस वर्षांच्या पाठांतराने जे कळले नव्हते, ते या माणसाने अंधारात दोन वाक्यांत सांगितले. शेअर म्हणजे नफ्यातला वाटा, एवढेच मला माहीत होते. तो सभेत बसण्याचा, मत देण्याचा आणि विचारण्याचाही हक्क आहे. त्या हक्काला मी तीस वर्षे हात लावला नव्हता. जेवणाला बसत होतो, पंगतीत काय वाढले जाते ते पाहत नव्हतो.

आता प्रश्न असा, की दोनशे चाळीस शेअरवाल्याला विचारतो कोण? कंपनीचे कोट्यवधी शेअर. यावर सातासमुद्रापलीकडचा एक खरा दृष्टांत सांगतो. तो आपल्या पंथाचा नाही, पण वारकऱ्याला तो परका वाटणार नाही.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात कॉल्डवेल या गावी डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साध्वींचा, म्हणजे नन्सचा मठ आहे. मठाच्या पुंजीत एक्झॉनमोबिल या जगातल्या मोठ्या तेल कंपनीचे थोडे शेअर होते. तेल आणि कोळसा जाळल्याने पृथ्वी तापते आहे, त्याबाबत कंपनी काय करणार, हा प्रश्न त्या मठातल्या सिस्टर पॅट्रिशिया डेली १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून भागधारकांच्या सभेत उभ्या राहून विचारू लागल्या. कंपनीचे प्रमुख त्यांना सभेतच झिडकारीत. त्या पुढच्या वर्षी पुन्हा जात. आपण दर आषाढीला जातो तशा.

तिथला त्या काळचा नियम ऐकण्यासारखा आहे. दोन हजार डॉलरचे शेअर वर्षभर जवळ असले, की सभेपुढे ठराव मांडता येई. पहिल्या वेळी शंभरात तीन मते पडली, तर तोच ठराव पुन्हा मांडता येई. दुसऱ्या वेळी सहा लागत, त्यापुढे दहा. म्हणजे जिंकायला पन्नासाच्या वर मते लागत, पण प्रश्न जिवंत ठेवायला सुरुवातीला तीन पुरत. लहान माणसाचे बळ इथे आहे. त्याला जिंकायचे नसते, प्रश्न मरू द्यायचा नसतो.

पुढे काय झाले? मे २०१७ मध्ये त्याच कंपनीच्या सभेत, हवामान बदलामुळे धंद्यावर काय परिणाम होईल याचा अहवाल द्यावा, असा ठराव सुमारे ६२ टक्के मतांनी संमत झाला. तो साध्वींनी मांडला नव्हता. त्यामागे न्यूयॉर्क राज्याचा पेन्शन निधी आणि इंग्लंडच्या चर्चचा निधी असे मोठे भागधारक होते. २०२१ साली ज्या गुंतवणूक संस्थेकडे कंपनीच्या शंभर रुपयांतले जेमतेम दोन पैसे होते, त्या 'इंजिन नंबर वन'ने आपले उमेदवार उभे केले आणि बारापैकी तीन संचालक निवडून आणले. तेही पुन्हा मोठ्या निधींनी मते दिली म्हणून. सिस्टर पॅट्रिशिया २०२२ साली निवर्तल्या. विजय त्यांच्या नावावर लिहिता येणार नाही. पण मोठ्यांनी हात वर केला तो प्रश्न वीस वर्षे कोणी पेटता ठेवला होता, हे विसरता येणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीने असा ठराव मांडणाऱ्या दोन लहान गटांवर कोर्टात दावा लावला आणि त्यांना ठराव मागे घ्यावा लागला. जिथे प्रश्नाने काहीच होत नसते, तिथे प्रश्न थांबवायला कोणी कोर्टात जात नाही, असा अर्थ मी त्यातून काढतो.

आपल्याकडची वाट अधिक बिकट आहे, पण वाट आहे. मुलाला बसवून समजून घेतले ते सांगतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १६६व्या कलमात संचालकांच्या कर्तव्यांत समाजाचे हित आणि पर्यावरणाचे रक्षण हेही लिहिलेले आहे. वार्षिक सभेची सूचना एकवीस दिवस आधी प्रत्येक भागधारकाला येते, मग त्याच्याकडे एक शेअर का असेना. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत घरबसल्या मत देता येते. सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरणाचा तपशील छापावा लागतो: पाणी किती घेतले, किती सोडले, कुठे सोडले, त्यावर काय प्रक्रिया केली. स्वतःचा ठराव आणायला मात्र दहा टक्के भांडवल पाठीशी लागते, ते आपल्या आवाक्यातले नाही. पण ज्याच्या शेअरची दर्शनी किंमत वीस हजारांहून अधिक नाही, त्याला कायदा 'लहान भागधारक' म्हणतो. असे एक हजार जण, किंवा अशा भागधारकांचा दहावा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल तेवढे एकत्र आले, तर आपला एक संचालक निवडण्याची मागणी करू शकतात. एकटा वारकरी वाट चुकतो, दिंडी चुकत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि "माझ्याकडे शेअर नाहीत" असे म्हणून सुटू नका. मुलाने म्युच्युअल फंडात महिन्याला पाचशे रुपये टाकले असतील, तर ते अशाच कंपन्यांत गेलेले असू शकतात. तुमच्या वतीने मत फंड देतो. मत देणे आणि ते कसे दिले हे जाहीर करणे आता त्यांना बंधनकारक आहे. एक पत्र टाकून विचारता येते, "आमच्या पैशावर तुम्ही कोणत्या बाजूला हात वर केलात?"

माझे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी सभा संगणकावरून झाली. नातवाने यंत्र लावून दिले. कीर्तनाला उभा राहताना कधी घाबरलो नाही, त्या दोन मिनिटांना घाबरलो. "सोडलेले पाणी कुठे जाते आणि त्याची तपासणी कोण करते?" एवढे विचारले. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही सर्व नियम पाळतो. धन्यवाद." दुसऱ्या वर्षी अहवालातले आकडे समोर ठेवून विचारले. पंधरवड्याने लेखी उत्तर आले, की पाणी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाते आणि पुनर्वापर वाढवण्याचा विचार चालू आहे. किती आणि कधी, हे त्यात नव्हते. तिसऱ्या वर्षी माझी पाळी येण्याआधीच कोणा एका बाईंनी माझाच प्रश्न विचारला. मी त्यांना ओळखत नाही. ऐकताना डोळे भरून आले.

लाभांश मी आता वारीला वापरत नाही. त्या पैशातून दरवर्षी विणेकऱ्यांच्या विहिरीचे पाणी तपासून घेतो आणि तो कागद माझ्या प्रश्नाला जोडतो. पाणी अजून पिण्याजोगे नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. प्रश्न विचारला म्हणजे मी धुतला गेलो, असे समजलो तर तोही मी खिशात घातलेला एक लाभांशच. विहीर स्वच्छ होईपर्यंत माझ्या नावावर देणे आहे.

आपण चांगल्या कामातला थोडा हात सांगताना 'खारीचा वाटा' म्हणतो आणि तो सेतूच्या बाजूने मोजतो. माझ्या दोनशे चाळीस शेअरांचा वाटा त्या ओढ्यातही आहे. एका बाजूला तो लहान म्हणून क्षम्य आणि दुसऱ्या बाजूला लहान असूनही थोर, असे दोन हिशोब मला ठेवता येणार नाहीत. जेवढ्याने मी दोषी, तेवढ्यानेच मी विचारायला पात्र.

ज्या वर्षी मी विचारायला कंटाळेन, त्या वर्षी हे शेअर ठेवण्याचा माझा अधिकार संपला, असे मुलाला लिहून दिले आहे. माझ्यामागे तो विचारणार असेल तर त्याने ठेवावेत, नाहीतर विकून टाकावेत. त्याला त्याग मात्र म्हणू नये.

यंदाही आषाढीला विणेकरी भेटतील. रीतीप्रमाणे पाया पडतील. "विचारलंत का?" एवढेच विचारतील. त्या वेळी मान वर करून त्यांच्याकडे पाहता यावे, इतकेच पांडुरंगाजवळ मागणे आहे.

रामकृष्ण हरी.